पडणाऱ्याचं कसब

'कुली'मध्ये एक मारामारी ऐन रंगात आलेली असताना चित्र गपकन थांबतं. पडद्यावर अक्षरं येतात. याच प्रसंगाच्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाले, असं त्यांत लिहिलेलं असतं. मग चित्र पुन्हा हलतं आणि मारामारी पुढे चालू.

आमच्या तालुक्याच्या गावी हा सिनेमा लागला तेव्हा मी शाळेत होतो. मुंबईत लागून गेल्यावर वर्षभरानं रिळं आमच्याकडे यायची; ओरखडे पडलेली, मधेच तुटून चिकटवलेली. त्या दिवशी शिट्ट्या, चिल्लर, सगळं जोरात चालू होतं आणि चित्र थांबलं तसं थिएटर चिडीचूप झालं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी 'देवा रे' म्हणालं. मला मात्र मनातल्या मनात फसवल्यासारखं वाटलं. ज्या फटक्यापायी देशभर देवळांत अभिषेक झाले, तो फटका हा? एवढासा?

घटना बहुतेकांना ठाऊक असेल. 26 जुलै 1982, बंगळूर विद्यापीठाचा परिसर. समोर पुनीत इस्सर. ठोसा बसल्यासारखं करून टेबलावर कोसळायचं आणि पलीकडे पडायचं, एवढंच काम. उडीचा अंदाज किंचित चुकला, टेबलाचा कोपरा पोटात बसला, आतड्याला इजा झाली. पुढे मुंबईचं ब्रीच कँडी, शस्त्रक्रिया, बाहेर गर्दी. पुनीत इस्सरवर लोकांचा राग निघाला. त्यानंतर कितीतरी सिनेमे हातचे गेले, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे. खुद्द बच्चन यांनी त्यांना कधी दोष दिला नाही.

पण शाळकरी पोराची ती शंका माझ्या डोक्यातून गेली नाही. त्याच सिनेमात त्या क्षणाच्या आगेमागे डझनभर ठोसे आहेत, सगळे खोटे, आणि सगळे त्या एका खऱ्या माराहून जास्त लागलेले दिसतात. खरा मार खोटा दिसतो आणि खोटा मार खरा. मग चांगली फाइट म्हणजे नेमकं काय? तेव्हापासून मी फाइट बघतो ती जरा वाकड्या नजरेनं. घरी असलो तर आवाज बंद करतो, रिमोट हातात घेतो, पुढे-मागे करत बसतो. घरचे वैतागतात. पण आवाज बंद केला की पहिली गोष्ट कळते ती ही: आपण हीरोकडे बघत असतो, पण काम दुसराच कुणीतरी करत असतो.

सिनेमातला साधा ठोसा घ्या. कॅमेरा बहुधा एकाच्या खांद्यामागे असतो. मूठ समोरच्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून निघून जाते. आपल्याला दोन डोळे आहेत म्हणून खोली कळते. कॅमेऱ्याला एकच डोळा, त्याला ते वीतभर अंतर दिसत नाही. इथवरचं काम मारणाऱ्याचं, आणि ते कुणालाही आठवडाभरात शिकवता येतं. खरी मेख पुढे आहे. मूठ हनुवटीच्या रेषेत आली की मार खाणाऱ्यानं मान फिरवायची. आधी हनुवटी, मग खांदा, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी पाय सुटले पाहिजेत. सेकंदाला 24 चित्रं. त्यांतल्या दोन-तीन चित्रांइतकी जरी मान आधी फिरली तरी माणूस मूठ यायची वाट बघत उभा होता, हे प्रेक्षकाला कळतं. नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण मजा जाते. उशीर झाला तर तो दगडाचा पुतळा वाटतो. म्हणजे ठोशात जोर किती होता हे ठरवतो तो ठोसा खाणारा. मारणाऱ्यानं फक्त हात हवेत फिरवलेला असतो.

आवाज त्यानंतर येतो, स्टुडिओत. कुणी चामड्यावर काठी हाणतं, कुणी मांसाच्या तुकड्यावर मूठ आपटतं, हाड मोडायचं असेल तर सेलरीची जुडी पिळून मोडतात. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द पुरला: ढिशुम. खरा ठोसा कधी ढिशुम असा वाजत नाही, बद् असा काहीतरी मठ्ठ आवाज येतो, हे गल्लीत एकदा तरी मार खाल्लेल्या कुणालाही माहीत आहे. तरी आपल्या पोरांच्या भांडणाच्या खेळात आवाज ढिशुमचाच असतो.

कुस्तीच्या भाषेत बोलायचं तर सिनेमातली फाइट ही नुरा कुस्ती. आधीच ठरलेली, कोण पडणार हे लिहिलेलं. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती नुरा असल्याचा नुसता वास आला तरी मैदान बोंबा मारून डोक्यावर घेतात. तिथलाच प्रेक्षक संध्याकाळी तिकीट काढून नुरा बघायला थिएटरात बसतो आणि खूश होऊन बाहेर पडतो. फरक इतकाच की मैदानात पडणाऱ्यानं पडणं लपवायचं असतं आणि पडद्यावर ते खुलवायचं असतं.

हे खुलवणं आपल्या मातीतही जुनं आहे. तळकोकणात जत्रेच्या रात्री दशावतार बघितला असेल तर त्यातलं युद्ध आठवा. रंगभूमी म्हणजे मागे एक पडदा आणि एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. संहिता लिहिलेली नाही, संवाद जागच्या जागी रचलेले. पण राजपार्टी आणि खलपार्टी एकमेकांसमोर तलवारी काढून उभे राहिले की पखवाज आणि झांज सूत्रं हातात घेतात. गिरकी, गिरकी, वार, आणि थांब. या थांबण्यात सगळं आहे. दोघंही क्षणभर पुतळ्यासारखे, तलवार तलवारीला टेकलेली, झांज शांत. मग पखवाजावर थाप पडते आणि पुन्हा वावटळ. तलवारी बोथट, कधी कधी तर नुसत्या पत्र्याच्या. तरी पुढे बसलेली पोरं मागे सरकतात.

डेव्हिड बॉर्डवेल नावाचा अमेरिकी सिनेअभ्यासक होता. त्यानं 2000 साली 'प्लॅनेट हाँगकाँग' हे पुस्तक लिहिलं. हाँगकाँगची मारामारी जगात सगळ्यांपेक्षा सरस का, याचं त्यानं दिलेलं एक उत्तर असं की तिथं हालचाल सलग नसते: थांबा, उसळी, पुन्हा थांबा. हॉलिवूडचा माणूस सारखा हलत राहतो, म्हणून त्याचा एकही फटका लक्षात राहत नाही. हाँगकाँगचा माणूस फटक्याच्या आधी आणि नंतर क्षणभर स्तब्ध असतो, म्हणून फटका कोरल्यासारखा उठून दिसतो. मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा पखवाज ऐकू आला. आणि हा नुसता माझा भास नाही. हाँगकाँगच्या मारामारीचं मूळही रंगभूमीतच आहे, पेकिंग ऑपेरात, जिथं लढाई झांजा-ढोलांच्या तालावर नाचली जाते. किंग हू या दिग्दर्शकानं तो ताल उचलून सिनेमात आणला. त्याच्या 'अ टच ऑफ झेन'मधली बांबूच्या बनातली लढाई बघा. 1975 साली कान महोत्सवात त्या सिनेमाचा गौरव झाला. पंचवीस वर्षांनी 'क्राउचिंग टायगर'मध्ये बांबूंच्या शेंड्यांवर लढाई झाली तेव्हा ज्यांनी तोंडात बोटं घातली, त्यांतल्या बऱ्याच जणांना ही थोरली पाती ठाऊक नव्हती.

जॅकी चॅन याच ऑपेरातून आला. हाँगकाँगच्या चायना ड्रामा अकॅडमीत तो लहानपणीच दाखल झाला. दहा वर्षांचा करार, पहाटेपासून कोलांट्या, डोकं खाली पाय वर, चुकलं की छडी. सामो हंग आणि युएन बियाओ तिथलेच. पण ही पोरं मोठी होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक आटला होता. हाताशी एकच विद्या: शरीर कसंही फेकायचं आणि पुन्हा उठायचं. ती घेऊन ती स्टुडिओच्या दारात उभी राहिली आणि रोजंदारीवर पडू लागली.

1972 च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'च्या शेवटी ब्रूस ली जपानी खलनायकाला लाथ घालतो आणि तो दार फोडून बाहेर अंगणात जाऊन आदळतो. दार फोडून गेलेलं ते शरीर जॅकी चॅनचं आहे. तो तिथं डुप्लिकेट होता. पुढच्या वर्षीच्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये तो पहारेकऱ्यांच्या गर्दीत आहे, ली त्याला केसांना धरून संपवतो. त्या सिनेमाच्या चित्रीकरणात लीची काठी चुकून त्याला खरीच लागली. ली धावत आला, त्यानं माफी मागितली. जॅकी सांगतो की दुखणं केव्हाच थांबलं होतं, पण ब्रूस लीनं जवळ धरून ठेवावं म्हणून आपण बराच वेळ विव्हळत राहिलो. मला हा किस्सा फार आवडतो. मार खाणाऱ्याचा अभिनय कॅमेरा बंद झाल्यावरही चालू होता!

20 जुलै 1973 ला ब्रूस ली गेला, वय अवघं 32. मग निर्मात्यांची नवा ब्रूस ली शोधायची धावपळ. जॅकीलाही त्या साच्यात कोंबून पाहिलं. तीच करडी नजर, तोच सूड. सिनेमे पडले. 1978 साली युएन वू-पिंग या दिग्दर्शकाकडे 'ड्रंकन मास्टर' आला आणि जॅकीला त्याची वाट सापडली. ती वाट म्हणजे लीच्या बरोबर उलट. ली मारतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वीज असते. जॅकी मारतो आणि स्वतःचाच हात झटकतो, कारण समोरच्याची कवटी कडक निघाली. तो पळतो, टेबलाखाली शिरतो, चुकतो, लागलेल्या जागेवर फुंकर घालतो. आपली विद्या तो विसरला नव्हता. तो हीरो झाला, पण हाडाचा डुप्लिकेटच राहिला. फक्त आता कॅमेरा त्याच्या तोंडासमोर होता.

1985 चा 'पोलीस स्टोरी' हा या प्रकाराचा कळस, असं माझं मत आहे. दिग्दर्शनही त्याचंच. शेवटची मारामारी एका बहुमजली मॉलमध्ये, म्हणजे सगळीकडे काच. काउंटर काचेचे, कपाटं काचेची, सरकता जिना, कपड्यांचे स्टँड. माणसं काचेतून जातात, काचेवर पडतात, आणि काच फुटली की डोळे आपोआप मिटतात, कारण काच लागते कशी हे प्रत्येक शरीराला ठाऊक असतं. ठोसा किती लागला हे आपल्याला अंदाजानं कळतं. काचेचं तसं नाही. सिनेमाच्या लोकांनीच या चित्रपटाला गमतीनं 'ग्लास स्टोरी' नाव ठेवलं होतं. शेवटी जॅकी वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला झेप घेऊन धरतो आणि माळा फोडत, ठिणग्या उडवत थेट तळमजल्यावर येतो. हात भाजले. ती झेप सिनेमात एकदा नाही, वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ तीनदा दिसते. एरवी असं कुणी केलं तर मी नाक मुरडीन. इथं वाटतं, दाखव बाबा, तुझा हक्क आहे.

संकलनातली एक बारीक खोडही याच लोकांची. लांबून दाखवलेल्या चित्रात लाथ जवळजवळ पोचते, तिथं काप. मग जवळून तीच लाथ दाखवताना दोन-चार चित्रं मागून सुरुवात, म्हणजे शेवटचा तुकडा पुन्हा घडतो. डोळ्याला पुनरावृत्ती जाणवत नाही, पण फटक्याला वजन येतं. घरी रिमोट घेऊन सावकाश पुढे सरका, सापडेल. अलीकडच्या हॉलिवूडमध्ये उलटी रीत: फटका लागायच्या क्षणालाच काप मारायचा, कॅमेरा हलवायचा, म्हणजे नटाला काही येत नाही हे झाकलं जातं. 'बॉर्न'च्या सिनेमांत त्या हलण्याला काही अर्थ होता, माणूस घाबरलेला आणि घाईत होता. नंतर ती साथ झाली. 'टेकन'च्या तिसऱ्या भागात लियम नीसन एक साधं कुंपण ओलांडतो, त्यासाठी दहा-पंधरा काप आहेत. कुंपण ओलांडायला एवढे सायास तर आमच्या आळीतला म्हाताराही घेत नाही.

लीकडे परत येऊ, कारण वर मी त्याच्यावर थोडा अन्याय केला. पडणाऱ्याचं महत्त्व त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं होतं. 1972 च्या 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये, जो त्यानं स्वतः दिग्दर्शित केला, शेवटी रोमच्या कोलोसियममध्ये त्याची आणि चक नॉरिसची गाठ पडते. (बराचसा भाग हाँगकाँगच्या स्टुडिओत उभारलेल्या देखाव्यात घेतलेला आहे, रोमची नुसती झलक.) नॉरिस खरोखरचा कराटे विजेता. लढाईआधी दोघंही निवांतपणे अंग मोकळं करतात, बोटं मोडतात, मान फिरवतात. कुणी काही बोलत नाही. एक मांजराचं पिल्लू बघत बसलेलं. अशी शांतता आज कुठला निर्माता खपवून घेईल?

आणि पहिल्या फेरीत ली मार खातो, सपाटून. प्रेक्षकांचा देव आडवा होतो. मग तो पाय हलके करतो, नाचत राहतो, आणि नॉरिसचा ताल चुकायला लागतो. मधे छातीचे केस उपटून तळहातावरून फुंकर मारून उडवून देण्याचा चावटपणाही आहे. पण खरी उंची पुढे आहे. नॉरिसचा पाय मोडलेला, हात निकामी झालेला, आणि तो तरीही उठतो. ली मान हलवून नको म्हणतो. नॉरिस ऐकत नाही. ली त्याला संपवतो, पण संपवताना त्याच्या चेहऱ्यावर विजय नाही. नंतर तो नॉरिसचा सदरा आणि काळा पट्टा आणून त्याच्या देहावर पांघरतो, क्षणभर बसतो. या मारामारीचा नायक मला तरी कधी कधी नॉरिस वाटतो. त्याच्या एका उठण्यानं लीला मोठं केलं.

जपानी दिग्दर्शक कुरोसावानं तर 1950 सालीच 'राशोमोन'मध्ये एकच लढाई दोन प्रकारे दाखवून फाइट मास्टरांची सगळी विद्या उघडी करून ठेवली होती. दरोडेखोर सांगतो तेव्हा ती मर्दानी: 23 वेळा तलवारी भिडल्या, आपल्यासमोर विसाच्या पुढे कुणी टिकलं नव्हतं, वगैरे. लाकूडतोड्या सांगतो तेव्हा तेच दोघं थरथरताहेत, अडखळताहेत, मातीत रांगताहेत, धापा टाकताहेत, तलवार कुठल्या कुठे. दुसरी लढाई हास्यास्पद आहे आणि तीच अंगावर येते. भ्यालेल्या माणसाच्या हातातलं शस्त्र सगळ्यात धारदार.

आता मुंबई. इथली परंपरा लहान नाही, फक्त आपण ती गंभीरपणे घेतली नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला मास्टर विठ्ठल हा मूकपटांतला तलवारबहाद्दर, त्या काळचा मोठा स्टार. 1931 च्या 'आलम आरा'त, पहिल्या बोलपटात, नायक तोच होता, पण लोकांना तो आवडायचा ते उड्या मारताना. मग 1935 ची 'हंटरवाली'. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नाडिया परळच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये चाबूक घेऊन उभी राहिली आणि पुरुषांना डोक्यावर उचलून फेकू लागली, डुप्लिकेट न घेता. पुढच्या वर्षीच्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये तिची मारामारी चालत्या गाडीच्या टपावर आहे. परळची ती जागा पुढे व्ही. शांतारामांकडे गेली आणि तिथं त्यांचा राजकमल स्टुडिओ उभा राहिला. संपूर्ण वास्तूचा इतिहास 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'च्या नावानं सांगितला जातो. नाडियाच्या हातून तिथं किती जण आपटले ते कुणी लिहून ठेवलं नाही.

सत्तरच्या दशकात आपल्याला दोन गोष्टी मिळाल्या: टकलू शेट्टी आणि अमिताभ. एम. बी. शेट्टी फाइट मास्टरही होते आणि पडद्यावर मार खाणारेही. ज्या अगडबंब माणसाला पाडलं की हीरोची उंची वाढते असा माणूस. अमिताभची गंमत निराळी. तो उंच, सडपातळ, आणि मार खाताना सुंदर दिसायचा. 'अमर अकबर अँथनी'त विनोद खन्नाकडून तो चक्क हरतो आणि मग कोठडीत बसून, मी कमी मारले पण भक्कम मारले, अशा अर्थाचं काहीतरी ऐटीत ऐकवतो. हरलेल्या माणसानं थिएटर लुटून नेलं ते त्या वाक्यावर.

पण आपली सगळ्यात मोठी फाइट विचाराल तर मी 'दीवार'मधली गोदामातली सांगेन, आणि लगेच हेही सांगेन की फाइट म्हणून ती बेताची आहे. आज बघा. ठोसे लांबून जाताहेत, गुंड पाळीपाळीनं येताहेत, एक-दोघं तर ठोशाआधीच निघाले आहेत. तरी 1975 पासून ती जागची हललेली नाही, कारण पहिला ठोसा पडायच्या आधीच ती जिंकलेली असते. हप्ता न देणारा एक हमाल मेला आहे. अमिताभचा विजय सांगतो की पुढच्या आठवड्यात आणखी एक हमाल नकार देणार आहे. गुंड त्याला बंदरभर शोधतात, आणि तो त्यांच्याच गोदामात खुर्चीत, पाय वर टाकून बसलेला. निळा सदरा, खांद्यावर दोर. (सदऱ्याची गाठ ही फॅशन नव्हती; शिंप्यानं तो फार लांब शिवला होता म्हणून बांधला, असं बच्चन यांनीच सांगितलं आहे.) मग तो आतून कुलूप लावतो आणि किल्ली शत्रूच्याच हवाली करतो. आता हे कुलूप तुझ्या खिशातून किल्ली काढूनच उघडीन. बस. पुढचं सगळं नुसती पूर्तता.

म्हणजे फाइटला एक अट लागते. दार बंद. 'शोले'च्या शेवटी ठाकूरला हात नाहीत, फक्त पाय, आणि बुटांना खिळे. 'पोलीस स्टोरी'त चहूकडे काच. अट जेवढी घट्ट तेवढं शरीर उघडं पडतं. नव्वदीनंतर आपल्याकडे तारा आणि हार्नेस आले, आणि हळूहळू अटी सुटत गेल्या. एका ठोशात माणूस दुसऱ्या गल्लीत जाऊन पडू लागला. पहिल्यांदा टाळ्या पडल्या, दहाव्यांदा हसू आलं, आता काहीच होत नाही. तारेनं ओढलेल्या माणसाला पडावं लागत नाही, त्याला फक्त लटकायचं असतं. त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा, तिथं मार लागल्याची खूणच नसते. पट्टा काचत असल्याची असते.

म्हणून 2003 चा कोरियन 'ओल्डबॉय' बघताना मला गावच्या थिएटरात परत गेल्यासारखं झालं. अरुंद बोळ, वीस-पंचवीस गुंड, नायकाच्या हातात हातोडी. कॅमेरा बोळाला समांतर सरकत राहतो, एकही काप नाही; सगळी माणसं बाजूनं दिसतात, वारली चित्रासारखी. दिग्दर्शक पार्क चान-वूकनं हे दृश्य तीन दिवस घेतलं, सतराव्या वेळी जमलं. त्यामुळे नायक झालेल्या चोई मिन-सिकचा जो दम लागलेला दिसतो तो खराच आहे. तो आणि गुंड दोघंही मधेच थांबतात, ओणवे होऊन श्वास घेतात, एकमेकांकडे बघतात. कुणालाच पुढे यायचं नाही. पाठीत सुरा घुसलेला आहे. तो तेवढा संगणकावर चढवलेला. दमणं मात्र कुठल्याही संगणकानं दिलेलं नाही. ढीगभर फाइटांमध्ये मी माणसं मरताना बघितली, दमताना फार कमी.

आणि अलीकडे आपलाच 'किल'. टोरंटो महोत्सवात 2023 साली दाखवला गेला, आपल्याकडे 2024 च्या जुलैत आला. दिल्लीला निघालेली रात्रीची गाडी, डब्यांतली अरुंद वाट, दरोडेखोर आणि एक कमांडो. अट चोख. पण दिग्दर्शक निखिल नागेश भटची करामत दुसरीच आहे. हे दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक आहेत: बाप, काका, चुलतभाऊ. एक मेला की बाकीचे धाय मोकलून रडतात. हिंदी सिनेमानं शंभर वर्षं गुंड पाडले, त्यांच्यासाठी रडणारं माणूस पडद्यावर क्वचितच आणलं असेल. सिनेमाचं नाव मध्यावर कुठेतरी येतं, आणि त्यानंतर नायकाचा प्रत्येक वार बघताना आपण टाळी वाजवायची की नाही याचा निर्णय होत नाही. रक्तपात मला झेपला नाही हेही कबूल करतो. दोनदा मान वळवली. नाडियाच्या टपावरून आपण आगगाडीच्या आत आलो ते असे.

गेल्या माघात सावंतवाडीकडच्या एका जत्रेत पुन्हा दशावतार बघितला. पहाटेचे तीन-साडेतीन. राक्षस मरायची वेळ झाली होती. खलपार्टी साठीच्या आसपासचा, अंगानं स्थूल, मुकुट एका बाजूला कललेला. राजपार्टीचा वार झाला, आणि हा गिरकी घेत बाकड्याला पाठ घासत असा काही कोसळला की माझ्या शेजारचे आजोबा अर्धे उठले. पखवाज थांबला. तो पडलेलाच. नंतर पडद्यामागे गेलो तेव्हा तो रंग न उतरवताच पेटाऱ्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता, समोर कपात चहा. खूप लागलं का, असं विचारलं तर त्यानं मानेनं नाही म्हटलं. गुडघा जुनाच आहे म्हणाला, आणि डाव्या अंगावर पडायचं सोडून दिलंय, कारण त्या बाजूनं बाकड्याचा पाय लागतो. मग बाहेर झांज वाजली, त्यानं चहा एका घोटात संपवला आणि मुकुट सरळ केला. आख्यानात त्याला आणखी एकदा मरायचं होतं.